खरेदी शाखेचं टेबल

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली भेटली की मी त्यांना एक प्रश्न विचारतो. सरकार रोज काय करतं? कुणी म्हणतं कायदे करतं, कुणी म्हणतं कर घेतं, एखादा टवाळ म्हणतो काहीच करत नाही. माझं उत्तर साधं असतं. सरकार रोज विकत घेतं. महापालिकेच्या शाळेतला बाक, दवाखान्यातली सलाईनची बाटली, रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याच्या गाडीचा टायर, पाणी शुद्ध करायची तुरटी, कार्यालयातला प्रिंटर आणि त्यातला कागद. यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी एका टेबलावर बसून, टिपणी लिहून, सह्या घेऊन विकत घेतलेली असते.

मग मी दुसरा प्रश्न विचारतो. त्या टेबलावर बसणारा माणूस हे काम शिकतो कुठे? इथे सगळे गप्प होतात. डॉक्टर कुठे शिकतो, वकील कुठे शिकतो, शिक्षक कुठे शिकतो हे सगळ्यांना माहीत असतं. सरकारी खरेदी हा शिकण्याचा विषय आहे, हेच बहुतेकांच्या मनात आलेलं नसतं.

मी स्वतः ठाण्यातल्या एका सरकारी उपक्रमाच्या भांडारात सत्तावीस वर्षं काढली. भांडार म्हणजे खरेदीचं शेवटचं टोक. टेबलावर जे ठरतं ते आमच्या दारात ट्रकमधून उतरतं. कागदावर ‘उत्तम प्रतीचं’ लिहिलेलं सामान प्रत्यक्षात कसं असतं, हे आम्हाला आधी कळायचं. म्हणून निवृत्तीनंतरही हा विषय सुटत नाही. गेल्या दीड वर्षात तर तो आमच्या घरातच आला.

माझी भाची कल्याणला दूधनाक्याजवळ राहते. बी.कॉम. झालेली, हिशेबाची पक्की. ९ जुलै २०२४ला राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय काढला. अठरा ते पस्तीस वयाच्या मुलामुलींना उद्योगांत आणि सरकारी कार्यालयांत सहा महिने काम शिकायला मिळणार, बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. लोकांनी या योजनेला ‘लाडका भाऊ’ म्हणायला सुरुवात केली. भाचीने अर्ज भरला आणि हसत म्हणाली, “मामू, लाडकी बहीण व्हायला वय कमी पडतंय की काय माहीत नाही, पण लाडका भाऊ नक्की झाले.”

तिला ठाण्यातलं एक कार्यालय मिळालं, आणि त्यात खरेदी शाखा. आमच्या दुल्हेभाईंना ते पटलं नाही. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, खरेदी-विक्री त्यांना शिकवायला नको. ते म्हणाले, “भाई, शिक्षण खातं दिलं असतं, आरोग्य दिलं असतं. खरेदी शाखेतल्या माणसांबद्दल लोक काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पोरगी तिथे काय शिकणार?” आपा काही बोलल्या नाहीत, पण त्यांचाही चेहरा तेच विचारत होता.

मी त्यांना सांगितलं, लोक जे बोलतात ते उगाच बोलत नाहीत. पण ज्या टेबलाबद्दल वाईट बोललं जातं, तिथे चांगल्या घरची, हिशेबाला चोख असलेली मुलं बसलीच नाहीत, तर ते टेबल सुधारणार कसं? आपण अमानत हा शब्द लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात असताना तो आपला समजायचा नाही. सरकारी खरेदी म्हणजे याच्यापलीकडे काही नाही.

आणि गंमत पाहा, या टेबलावरच्या भाषेतसुद्धा तो शब्द बसलेला आहे. पुरवठादाराकडून सरकार जी सुरक्षा अनामत घेतं, ती अनामत म्हणजे आपली अमानतच. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम, वस्तूचा तपशील, पुरवठ्याची मुदत, मंजूर आणि नामंजूर, जमा आणि बाकी, हिशेब आणि तारीख, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठी दप्तरात आले आणि इथलेच झाले. भाचीला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट सोपी गेली, ती ही भाषा. घरी आजीच्या तोंडी असलेले शब्द तिला फायलीत भेटत होते.

बाकी सुरुवातीचे दोन महिने मात्र शिकण्याचे म्हणता येणार नाहीत. आवक-जावक नोंदवणं, झेरॉक्स काढणं, जुन्या फायलींची यादी टाइप करणं. सकाळी कल्याणहून गर्दीची लोकल, डोंबिवलीला आणखी चेंगराचेंगरी, आणि ठाण्याला उतरून दिवसभर याद्या. ज्या कार्यालयात माणसं कमी असतात तिथे प्रशिक्षणार्थी म्हणजे फुकटचा मदतनीस ठरतो. यात एकट्या त्या कार्यालयाचा दोष काढण्यात अर्थ नाही. प्रशिक्षणार्थी पाठवले, पण त्यांना काय शिकवायचं याचा अभ्यासक्रम कुणी त्या शाखेच्या हातात दिला नव्हता.

तिसऱ्या महिन्यात शाखेतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी तिला जवळ बोलावलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं त्यांच्या. म्हणाल्या, “बाळ, तू नुसती टाइप करू नकोस. एक फाइल पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत माझ्याबरोबर चालव.” माझ्या मते तिचं प्रशिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

ही फाइल चालते कशी, हे वाचकांनाही माहीत असायला हवं, कारण पैसा आपला आहे. आधी एखादा विभाग मागणी करतो. मग त्या वस्तूचे तांत्रिक तपशील ठरतात. अंदाजपत्रकात तरतूद आहे का ते पाहिलं जातं, प्रशासकीय मान्यता घेतली जाते. त्यानंतर रकमेप्रमाणे रस्ता ठरतो. लहान खरेदीला किमान तीन दरपत्रकं, मोठ्या खरेदीला ई-निविदा. आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता होतो. पुरवठा आदेश निघतो. माल आला की तपासणी, मग साठा नोंदवहीत नोंद, आणि सगळ्यात शेवटी देयक. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी हे सगळं १ डिसेंबर २०१६च्या शासन निर्णयाने आलेल्या खरेदीच्या नियमपुस्तिकेत लिहिलेलं आहे. मागणीचे तुकडे पाडून ती मर्यादेच्या खाली आणायची नाही, हेही त्यात आहे. केंद्र सरकारच्या खात्यांना २०१७चे सर्वसाधारण वित्तीय नियम लागू होतात.

मॅडमनी तिला पहिला धडा खुर्च्यांवर दिला. जुन्या एका फाइलमध्ये मागणी होती, ‘खुर्ची, चांगल्या प्रतीची’. सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळालं आणि वर्षभरात निम्म्या खुर्च्यांची चाकं निखळली. तपासणी करणारा नाकारणार तरी कशाच्या आधारावर? ‘चांगली प्रत’ म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोखंडी नळीची जाडी किती, किती वजनाला टिकली पाहिजे, हमी किती वर्षांची, हे लिहिलं असतं तर स्वस्त पण कच्चा माल दारातच अडला असता. लोक म्हणतात, सरकार नेहमी स्वस्तातलं घेतं म्हणून माल वाईट येतो. पूर्ण खरं नाही ते. आधी नीट मागायचं, मग जे नीट बसतं त्यातलं स्वस्त घ्यायचं, असा नियम आहे. आपण दावतीसाठी तांदूळ आणताना दुकानदाराला नुसतं ‘तांदूळ द्या’ म्हणत नाही. कुठला, किती जुना, दाणा कसा, हे सांगतो आणि मग भाव करतो.

दुसरा धडा तिने स्वतःच शोधला. एका लहान खरेदीसाठी तीन दरपत्रकं आली होती. तीन वेगळी नावं, तीन वेगळे छापील कागद, तीन वेगळे शिक्के. तक्ता तयार करताना तिच्या लक्षात आलं की तिन्ही पत्रांत ‘गॅरंटी’चं इंग्रजी स्पेलिंग एकाच ठिकाणी, एकाच प्रकारे चुकलेलं आहे. मजकुराच्या ओळीही तिथेच तुटत होत्या. तिन्ही पत्रं एकाच संगणकावर तयार झाली होती, हे कळायला मोठ्या तपासाची गरज नव्हती.

त्या रात्री तिने मला फोन केला. “मामू, मी प्रशिक्षणार्थी आहे. माझ्या सहीला काही किंमत नाही. मी बोलले आणि उद्या मला ‘घरी बस’ म्हणाले तर?” मी तिला म्हटलं, तुझ्या सहीला किंमत नसेल, पण तुझ्या डोळ्यांना आहे. ज्यांच्या सहीला किंमत आहे त्यांना दाखव, आणि कुणावर आरोप न करता फक्त जे दिसतंय तेवढंच दाखव.

तिने तिन्ही कागद मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या अक्षरात टिपणी लिहिली, सही केली आणि फाइल वर पाठवली. दोन दिवस शाखेतली हवा जड होती. एका सहकाऱ्याने तिला ऐकवलं, “ताई, तुम्ही जाणार सहा महिन्यांनी, आम्हाला इथेच राहायचंय.” पण फाइल परत आली ती दरपत्रकं नव्याने मागवण्याच्या शेऱ्यासह. जेमतेम काही हजारांची ती खरेदी. तिच्यासाठी मात्र तेच परीक्षेतलं पास होणं होतं. दुल्हेभाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी दुकानात बसल्या बसल्या एवढंच विचारलं, “स्पेलिंग तिन्हींत चुकलेलं? वाचलं कुणी आधी?” त्या दिवसानंतर त्यांनी शाखा बदलून घ्यायचा विषय काढला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अशी मुलगी पुढे कुठे जाणार?

ब्रिटनच्या नागरी सेवेत पदवीधरांसाठी ‘फास्ट स्ट्रीम’ म्हणून भरती असते. त्यात सरकारी खरेदी आणि करारांसाठी ‘कमर्शियल’ नावाची वेगळी वाट आहे. मुलं वेगवेगळ्या खात्यांत फिरून काम शिकतात आणि सोबत खरेदीची व्यावसायिक पात्रता मिळवतात. या पेशाच्या तिथल्या संस्थेला, सीआयपीएसला, १९९२ साली राजसनदही मिळाली. म्हणजे खरेदी हा तिथे डॉक्टरी-वकिलीसारखा नाव असलेला पेशा आहे.

आपल्याकडे दारं आहेत, पण ती विखुरलेली आहेत, आणि बहुतेकांवर ‘अभियंते हवेत’ अशी पाटी आहे. रेल्वेत डेपो मटेरियल सुपरिंटेंडेंट हे पद भरती मंडळाच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेतूनच भरलं जातं. त्याला अभियांत्रिकीची पदविका लागते. रेल्वेच्या भांडार सेवेतले अधिकारी वर्षानुवर्षं अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून येत. कोल इंडियाने ‘मटेरियल्स मॅनेजमेंट’चे प्रशिक्षणार्थी घेतले, तेव्हा अभियांत्रिकीबरोबर व्यवस्थापनाचं शिक्षणही मागितलं. कल्याणला रेल्वेची लोको शेड आहे, अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने आहेत, दोन्हीकडे भांडारं आहेत. आमच्या भागातल्या बी.कॉम. झालेल्या मुलीला ही दारं रोज लोकलच्या खिडकीतून दिसतात, पण उघडत नाहीत.

१९६१चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९७३मध्ये अभियंता पदवीधरांसाठी खुला झाला. कला, वाणिज्य आणि इतर पदवीधरांसाठी तो खुला व्हायला २०१४ची दुरुस्ती यावी लागली. पश्चिम भारतासाठी त्याचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईत शीवला आहे. २०१९च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरलं आणि त्यातला निम्मा वाटा केंद्र उचलतं. पण हे पुष्कळ मुलांना माहीत नसतं, आणि कार्यालयंही खरेदीसाठी म्हणून उमेदवार मागताना मला फारशी दिसली नाहीत.

शिकवणाऱ्या संस्था नाहीत असं नाही. फरीदाबादची वित्त व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था सरकारी खरेदीचे वर्ग घेते. पुण्याला यशदा आहे. पण हे प्रामुख्याने आधीच नोकरीत असलेल्यांसाठी. बाहेरच्या पदवीधरासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचा पदविका अभ्यासक्रम आहे. तिचं मुख्यालय आपल्याजवळ सीबीडी बेलापूरलाच आहे. तो करता येतो, पण त्यातून सरकारी टेबलापर्यंत थेट रस्ता जात नाही. थोडक्यात, खुर्ची असलेल्याला प्रशिक्षण मिळतं, आणि प्रशिक्षण घेतलेल्याला खुर्ची मिळत नाही.

याची किंमत कोण मोजतं? औषधांचं उदाहरण घ्या. राज्याच्या रुग्णालयांची औषध खरेदी एकत्र करायची म्हणून २०१७मध्ये ते काम हाफकिनकडे गेलं. खरेदी वेळेवर होत नाही अशा तक्रारी होत राहिल्या. २०२३मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. यंत्रणा बदलली, नाव बदललं. पण कुठल्याही यंत्रणेत तपशील लिहिणारी, दर तपासणारी आणि मुदत सांभाळणारी माणसं लागतातच. फाइल दोन महिने अडली तर कळव्याच्या किंवा कल्याणच्या रुग्णालयात आलेल्या बाईला चिठ्ठी मिळते, बाहेरून आणा. मुंब्र्यात, दूधनाक्यावर, डोंबिवलीच्या चाळींत अशा चिठ्ठ्या घेऊन मेडिकलच्या दारात उभी राहणारी माणसं मी पाहतो. त्यांचा धर्म वेगवेगळा असतो. चिठ्ठी सारखीच असते.

भाचीचं प्रशिक्षण सहा महिन्यांचं होतं, सरकारने पुढे पाच महिने वाढवलं. अकरा महिने भरले, प्रमाणपत्र मिळालं, आणि ती घरी आली. कायमची नोकरी देऊ असं योजनेत कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. पण त्याच उन्हाळ्यात त्या मॅडम अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाल्या. ज्यांना काम येत होतं त्या गेल्या, जिने शिकून घेतलं तिला आपण परत पाठवलं, आणि मधलं टेबल रिकामं राहिलं. आता तिथे बदलीवर कुणीतरी येईल आणि ‘चांगल्या प्रतीची खुर्ची’पासून पुन्हा सुरुवात करील.

माझं मागणं फार मोठं नाही. खरेदी शाखेत प्रशिक्षणार्थी पाठवायचा असेल, तर त्याला पाच-सहा फाइली मागणीपासून देयकापर्यंत चालवायला द्या आणि प्रमाणपत्रावर ते लिहा. लिपिक, लेखापाल, भांडारपाल यांच्या भरतीत त्या अनुभवाला थोडं वजन द्या. निवृत्तीला आलेल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली एक शिकाऊ ठेवा, म्हणजे ज्ञान त्यांच्यासोबत घरी जाणार नाही. आणि वाणिज्य पदवीधरांना या पेशाचं दार उघडा. तुलनात्मक तक्ता करायला यंत्रशास्त्र लागत नाही.

आपल्या मुलांनाही एक सांगणं आहे. सरकारी नोकरी म्हणजे फक्त पोलीस, तलाठी आणि शिक्षक, असं धरून बसू नका. २०१६मध्ये सुरू झालेलं जेम पोर्टल उघडून पाहा. सरकार काय, किती आणि कोणत्या अटींवर घेतंय हे त्यावर घरबसल्या वाचता येतं. टेबलाच्या त्या बाजूला जागा नसेल तर या बाजूलाही काम आहे. केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून, असं २०१८पासूनचं धोरण आहे. अशा लहान उद्योगांना बयाणा रकमेतूनही सवलत असते. मुंब्र्यात पिशव्या, गणवेश शिवणाऱ्या किती बायांना हे माहीत आहे?

भाची सध्या तेच करते आहे. मुंब्र्यातल्या तीन-चार शिवणकाम करणाऱ्या बायांची नोंदणी तिने करून दिली, त्यांची कागदपत्रं ती सांभाळते, आणि संध्याकाळी पदविकेचा अभ्यास करते. परवा त्यातल्या एका बाईने तिला विचारलं, दुसऱ्या दोन नावांनीही दर भरून टाकू का, म्हणजे काम नक्की आपल्यालाच मिळेल. भाची म्हणाली, “खाला, ते कागद कुणीतरी शेजारी शेजारी ठेवून वाचेल.” वाचणारं कुणी त्या टेबलावर असेल, एवढीच आता सरकारकडून अपेक्षा आहे.